गुरुजींच्या वेळेचा जमाखर्च

राजांच्या वंशावळी, लढायांच्या तिथ्या आणि तहांची कलमे इतिहासकारांनी मोठ्या कसोशीने जपून ठेविली आहेत. परंतु गावच्या शाळेतील शिक्षकाचा दिवस कसा उगवत होता आणि कसा मावळत होता, त्याच्या दिवसातील किती घटका मुलांच्या वाट्याला येत होत्या आणि किती इतरांच्या, याची नोंद ठेवण्याची गरज फारशी कोणास वाटली नाही. वास्तविक मूल शाळेत जे शिकते त्याचा पाया शिक्षकाचा सहवास हाच असतो, आणि सहवास याचा साधा अर्थ वेळ असा आहे. ज्या शिक्षकाजवळ वेळ नाही त्याच्याजवळ विद्या असूनही ती मुलापर्यंत पोहोचत नाही. म्हणून शिक्षकावरील कामाचा भार हलका करावा असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा तो शिक्षकासाठी सवलत मागत असतो असे समजण्याचे कारण नाही. तो मुलांची ठेव परत मागत असतो.

या प्रश्नाचा विचार बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या आधाराने करण्याचे माझ्या मनात आहे. त्यास कारण आहे. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या चार भाषा जेथे एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात, अशा या प्रदेशात शिक्षणाचे जितके प्रयोग झाले तितके फार थोड्या ठिकाणी झाले असतील. आणि शिक्षकाच्या वेळेची ओढाताणही येथे जितकी झाली तितकी क्वचितच अन्यत्र झाली असेल.

आरंभ बहामनी काळापासून करू. १३४७ साली गुलबर्गा ही या राज्याची राजधानी झाली. पुढे १३७८ ते १३९७ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या मुहम्मदशहाच्या कारकिर्दीत दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. फिरिश्त्याच्या इतिहासग्रंथात असे नमूद आहे की, या राजाने बैलांचे तांडे लावून माळवा व गुजरात येथून धान्य आणविले आणि अनाथ मुलांसाठी गुलबर्गा, बिदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ इत्यादी ठिकाणी शाळा काढून त्यांच्या खर्चाची कायमची तरतूद करून दिली. दुष्काळात माणसे जगविण्याचे काम आणि मुलांना शिकविण्याचे काम या दोन्ही गोष्टी राज्याने एकाच वेळी अंगावर घेतल्या होत्या. धान्य आणण्यासाठी तांडेवाले होते आणि शिकविण्यासाठी शाळांना वेगळी नेमणूक होती. आज हे साधे वाटेल. परंतु आपत्तीच्या काळात शाळामास्तरालाच धान्य मोजावयास बसविण्याची आपली पुढील परंपरा पाहिली म्हणजे त्या जुन्या तरतुदीचे मोल ध्यानात येते.

त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी बिदर शहरात महमूद गवान याने आपला सुप्रसिद्ध मदरसा उभारला. इराणातील गिलान प्रांतातून व्यापाराच्या निमित्ताने आलेला हा पुरुष बहामनी राज्याचा वजीर झाला. १४७२ साली पूर्ण झालेली त्याची ही वास्तू तीन मजली, सुमारे २०५ फूट लांब व १८० फूट रुंद असून, तिच्या दर्शनी भागावरील रंगीत कौलकामाचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. इमारतीची भव्यता प्रवाशाच्या डोळ्यांत भरते. परंतु शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिची आखणी अधिक बोलकी आहे. व्याख्यानाची दालने, मशीद, ग्रंथालय, विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि अध्यापकांची निवासस्थाने ही सर्व एकाच आवारात आहेत. ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. निवासाची, भोजनाची आणि ग्रंथांची चिंता संस्थेने वाहावयाची व अध्यापकाने केवळ अध्ययन-अध्यापन करावयाचे, असा या रचनेचा अर्थ आहे. शिक्षकाचा वेळ ही जपून ठेवण्याची वस्तू आहे, हे तत्त्व येथे दगड-चुन्यात बांधलेले दिसते. खोट्या पत्राच्या कारस्थानास बळी पडून १४८१ साली गवानचा शिरच्छेद झाला आणि १६९६ साली दारूच्या स्फोटाने या इमारतीचा मोठा भाग व दोहोंपैकी एक मिनार कोसळला. वास्तूचे जे झाले तेच तत्त्वाचेही झाले असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि मदरसा हा थोड्यांसाठी होता. गावोगावच्या पोरांची शाळा निराळीच होती. मराठी मुलखात तिला पंतोजींची शाळा म्हणत. कन्नड मुलखात तिला कूलिमठ किंवा गावठी शाळा म्हणत. देवळाच्या ओवरीत, मठात किंवा कोणा सावकाराच्या ओसरीवर ती भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, पाढे, पावकी, निमकी घोकावयाची, मोडी वाचावयाची आणि संध्याकाळी परवचा म्हणून घरी जावयाचे, असा तिचा क्रम असे. शिक्षक एकच. मुले मात्र निरनिराळ्या वयांची आणि निरनिराळ्या पायरीवरची. मग एका माणसाने हा डोलारा कसा सांभाळावा?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याला एका शेजारच्या जिल्ह्यातील सरकारी कागदांत मिळते. बेल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने १८२३ साली आपल्या जिल्ह्यातील देशी शाळांचा अहवाल मद्रास सरकारला पाठविला. त्यात ५३३ शाळा आणि ६,६४१ विद्यार्थी यांची नोंद आहे. या शाळांपैकी २३५ कन्नड, २२६ तेलुगू आणि २३ मराठी होत्या; उरलेल्या फारसी, संस्कृत, तामीळ इत्यादी भाषांच्या होत्या. म्हणजे मराठी शाळा ही या कन्नड-तेलुगू मुलखात तेव्हाही होती आणि तिच्या असण्यात कोणास काही विपरीत वाटत नव्हते. कॅम्पबेल सांगतो की, शाळा सकाळी सहाच्या सुमारास भरे. जो मुलगा सर्वांआधी येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत. तिसऱ्याला छडीचा एक हलका फटका मिळे, चौथ्याला दोन, आणि पुढे उशिराच्या प्रमाणात वाढत जात. मुलांचे बहुधा चार वर्ग पाडीत. खालच्या वर्गांवर वरच्या मुलांपैकी काहींची देखरेख असे. वरचे वर्ग गुरुजी स्वतः घेत आणि तेवढ्यात साऱ्या शाळेवर नजरही ठेवीत.

मोठ्या मुलाने धाकट्यास शिकवावे ही ती युक्ती. तिने गुरुजींचा भार हलका होई आणि शिकविता शिकविता मोठ्या मुलाचा धडाही पक्का होई. ही युक्ती पुढे सातासमुद्रांपार गेली. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथालयाचा व्यवस्थापक अँड्रू बेल याने देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले, आपल्या संस्थेत आठ वर्षांच्या एका मुलास धाकट्यांचा शिक्षक नेमून प्रयोग केला आणि १७९७ साली लंडनमध्ये त्याचे वृत्त प्रसिद्ध केले. पुढे बेल आणि लँकेस्टर यांच्या पद्धतीचा तेथे मोठा बोलबाला झाला.

पण येथेच इतिहासाने एक वळण घेतले आणि तेच वळण आपल्या विषयाचा गाभा आहे. पंतोजींच्या ओसरीवर या युक्तीचा हेतू असा होता की, तीस-चाळीस पोरांत गुरूला प्रत्येकाकडे पाहता यावे. इंग्लंडातील कारखान्यांच्या शहरांत तीच युक्ती एका मास्तराकडून शेकडो मुले शिकवून घेण्याचे साधन बनली. एका शिक्षकाने हजार मुले शिकवावीत, म्हणजे खर्च किती वाचेल, असा हिशेब लोक मांडू लागले. शिक्षकाच्या विश्रांतीसाठी निघालेली वाट खजिन्याच्या काटकसरीकडे वळली. भार हलका करणारी प्रत्येक योजना अशी उलटू शकते. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला हे तपासल्यावाचून कोणत्याही सुधारणेची पाठ थोपटू नये, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

दुसरे असेच उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले त्यात प्राथमिक शिक्षकांच्या पगाराची आणि प्रतिष्ठेची चिंता आहे. प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा बारा रुपयांहून कमी वेतन असू नये आणि मोठ्या गावी ते पंधरा-वीस रुपये असावे, असे त्यांनी मागितले. त्याबरोबरच शिक्षकांकडे गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल किंवा स्टँपविक्री अशी कामे जोडून दिल्यास गावात त्यांचे वजन वाढेल, असेही त्यांनी सुचविले. जोतीरावांचा हेतू उघड होता. कुलकर्ण्याच्या दप्तरापुढे दबून राहणाऱ्या खेड्यात बहुजनांच्या मुलांना शिकविणाऱ्या मास्तराला मान मिळावा, त्याच्या संसाराला टेका मिळावा, ही ती दृष्टी होती. पुढे अनेक खेड्यांत शाळामास्तर टपाल सांभाळू लागला आणि त्याच्या शब्दाला किंमत आलीही. परंतु काळाच्या ओघात मान आणि मोबदला यांची सालपटे गळून गेली आणि केवळ कामाची गुठळी मास्तरांच्या हाती राहिली. गावात लिहिता-वाचता येणारा हक्काचा सरकारी माणूस एकच, म्हणून प्रत्येक खात्याची दृष्टी त्याच्याकडेच वळू लागली. १८८१ साली हिंदुस्थानात सर्वत्र एककालिक जनगणना झाली. हैदराबाद संस्थानचीही ती पहिलीच जनगणना होती. तेव्हापासून डोकी मोजण्याचे काम आणि शिक्षकाचा पेशा यांची गाठ हळूहळू घट्ट होत गेली.

आता पुन्हा बिदर-गुलबर्ग्याकडे वळू. १९४८ पर्यंत हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तेथे फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली; १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन होऊन उच्च शिक्षणही उर्दूतून सुरू झाले. घरी मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला खालच्या इयत्तांपलीकडे जावयाचे तर उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे. त्याचे ओझे मुलांवर पडले तसेच शिक्षकांवरही पडले; कारण एकच धडा दोन भाषांतून समजावून द्यावयाचा म्हणजे एका तासात दोन तासांचे काम करावयाचे.

या परिस्थितीत स्वभाषेच्या शाळा निघाल्या त्या लोकांच्या बळावर. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ साली निघाले. हैदराबादचे विवेकवर्धिनी विद्यालयही त्याच सुमाराचे. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांनी कन्नड शाळा चालविल्या. बाहेर उर्दूची पाटी आणि आत कन्नडचा पाठ, अशी त्यांची आठवण त्या भागात अजून सांगतात. १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे मुख्याध्यापक म्हणून काम केलेले व्यंकटेश खेडगीकर हेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले; शाळा सोडून १९३८ साली ते हैदराबादच्या लढ्यात पडले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुलबर्गा मतदारसंघातूनच लोकसभेवर गेले. या शाळांतील शिक्षक मुलांबरोबर राहत, त्यांच्याबरोबर जेवत, शाळेसाठी वर्गणी मागत फिरत आणि परवानगीच्या कागदांसाठी कचेरीचे खेटेही घालीत. कारण १९२० नंतरच्या दशकात खासगी शाळांवर सरकारी परवानगीचे निर्बंध आले होते.

त्या पिढीचे ऋण आपण आदराने मान्य केले पाहिजे. परंतु त्या आदरातून एक भ्रम जन्माला आला आहे. शिक्षक हा त्यागी असावयाचाच, त्याने घड्याळाकडे पाहू नये, कामाची तक्रार करू नये, अशी एक अपेक्षा त्या ध्येयवादी काळाने मागे ठेविली. लढ्याच्या काळात दहा माणसांनी आयुष्य ओतले म्हणून शाळा उभ्या राहिल्या हे खरे. पण त्याग ही असामान्य माणसाची देणगी असते. ती हजारो सामान्य, प्रामाणिक, संसारी शिक्षकांच्या नेमणूकपत्रातील अट होऊ शकत नाही. शिवाय त्या जुन्या गुरुजींनी आपला वेळ दिला तो मुलांना आणि शाळेला. आजचा शिक्षक जो वेळ देतो तो पुष्कळदा तक्त्यांना देतो. या दोन गोष्टींना एकच नाव देणे योग्य होणार नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि शाळांची भाषा बदलू लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवरच्या बिदर जिल्ह्यात मराठी बोलणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा होता, परंतु कोणत्याच भाषेस बहुमत नव्हते. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले; जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले; बिदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद हा भाग गुलबर्गा जिल्ह्याबरोबर म्हैसूर राज्यात आला. सीमेच्या वादात येथे शिरावयाचे नाही. येथे एवढेच पाहावयाचे की, ज्या शिक्षकाने १९४५ च्या सुमारास फसली सनाच्या तारखा घालून उर्दूत हजेरीपट भरला असेल, त्याला दहा-बारा वर्षांच्या आत दोनदा दप्तराची भाषा बदलावी लागली. वर्गातली मुले तीच, फळा तोच, शिकवावयाचा पाढाही तोच. केवळ कागद बदलले. आणि कागद बदलण्याचा सारा खर्च शिक्षकाच्या वेळेतून वळता झाला.

१९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे राज्यांना सांगण्यात आले. त्याआधी ऑगस्ट १९४९ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक मोजमाप ठरविले होते. सबंध शाळेत ४० किंवा एका इयत्तेत १० मुले त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, असे ते मोजमाप. औराद, भालकी, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतील मराठी शाळांना या तत्त्वाचा आधार आहे. कर्नाटक सरकार मराठीतूनही पाठ्यपुस्तके काढते, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु या मोजमापाचा दुसरा अर्थ पाहा. चाळीस मुले चार इयत्तांत विभागली की प्रत्येक इयत्तेत दहा येतात, आणि शिक्षक मिळतो एक. म्हणजे हक्क मिळाला तो जेमतेम उंबरठ्यावरचा. लहान भाषिक गटाची शाळा ही स्वभावतःच थोड्या मुलांची, म्हणून थोड्या शिक्षकांची, म्हणून अनेक इयत्ता एका खोलीत बसविणारी शाळा होते. मराठी मुलाचा भाषेचा हक्क आणि त्याच्या गुरुजींचा वेळ हे दोन प्रश्न अशा रीतीने एकमेकांत गुंतले आहेत.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर देशभर खडू-फळा मोहीम सुरू झाली आणि प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन शिक्षक असावेत असे ठरले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ते कायम केले. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस व ८०० तास, आणि शिक्षकाचा आठवडा तयारीसह ४५ तासांचा, अशी या कायद्याच्या परिशिष्टातील तरतूद आहे. तयारीचा वेळ हाही कामाचाच वेळ होय, हे कायद्याने मान्य केले ही मोठी गोष्ट झाली.

आता पाच इयत्ता आणि दोन शिक्षक असलेल्या एका शाळेचा हिशेब मांडून पाहू. वर्षाला ८०० तास म्हणजे दिवसाला चार तास. दोन शिक्षकांचे मिळून आठ तास होतात. ते पाच इयत्तांत वाटले तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचे प्रत्यक्ष लक्ष येते दीड तासाहून किंचित अधिक, नेमके सांगावयाचे तर ९६ मिनिटे. उरलेला वेळ मुलांनी आपापले गिरवावयाचे. या दोघांपैकी एका शिक्षकाला दहा दिवसांसाठी बाहेरच्या कामावर पाठविले की वाटणी ४८ मिनिटांवर येते. दहा दिवसांत प्रत्येक इयत्तेची आठ तासांची तूट पडते. ९६ मिनिटांच्या हिशेबाने ते पाच दिवसांचे शिक्षण झाले. मोठ्या शहरातील बारा शिक्षकांच्या शाळेतून एक शिक्षक गेला तर शाळेला ओरखडा उमटतो. सीमेवरच्या दोनशिक्षकी शाळेतून एक गेला तर शाळा अर्धी होते. आदेश मात्र दोन्हीकडे एकाच मजकुराचा निघतो.

शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने शिक्षकांना शिक्षणेतर कामास लावू नये असे म्हटले आहे. परंतु दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका ही तीन कामे त्यातून वगळली आहेत. त्याआधी डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदारयाद्यांचे काम शिक्षकांकडून सुटीच्या आणि शिकविण्याखेरीजच्या दिवशीच करून घ्यावे, असा निर्णय दिला होता. लोकशाहीला मतदार मोजावे लागतात, राज्यकारभाराला माणसे मोजावी लागतात. त्याविषयी वाद नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कर्नाटकात सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झाले. घरोघर जाण्याचे काम मुख्यतः शिक्षकांवर आले आणि ते पुरे व्हावे म्हणून सरकारी व अनुदानित शाळांची दसऱ्याची सुटी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढविण्यात आली. सर्वेक्षणाचा हेतू मागासांचे हित हाच आहे. परंतु ज्या घरांचे हित मोजावयाचे त्याच घरांतील मुलांची शाळा त्यासाठी बंद राहावी, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. त्यापुढची राष्ट्रीय जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून करण्याचे जून २०२५ मध्ये जाहीर झाले. तेव्हा हा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहणार हे उघड आहे.

एका कामाचा मात्र येथे निराळ्या आदराने उल्लेख केला पाहिजे. मुलांना शाळेत शिजविलेले जेवण द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला. कर्नाटकाने २००२ साली ही योजना प्रथम ईशान्येकडील सात जिल्ह्यांत सुरू केली, आणि बिदर व गुलबर्गा हे त्यांत होते. योजनेचे नाव अक्षर दासोह. बाराव्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांनी कष्टाचे अन्न सर्वांबरोबर वाटून घेण्याला जे नाव दिले तेच हे दासोह. भुकेल्या मुलाला अक्षर गोड लागत नाही, हे येथील शिक्षकाला कोणी समजावून द्यावयास नको. स्वयंपाकासाठी बाया नेमल्या जातात. तरी तांदळाचा साठा, डाळ-तेलाचा हिशेब, जेवणाऱ्यांची रोजची संख्या आणि तिचे वरचेवर पाठवावयाचे अहवाल हे मुख्याध्यापकाकडेच राहिले. दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक म्हणजे वर्ग घेणारा शिक्षकच. दासोहाची परंपरा सांगते की, सेवा वाटून घ्यावयाची असते. येथे ती एकाच्याच खांद्यावर साचली आहे.

त्यात सीमाभागातील मराठी शाळेची आणखी एक अडचण. राज्याची कारभाराची भाषा कन्नड असल्यामुळे परिपत्रके कन्नडात येतात आणि माहितीही कन्नडात द्यावयाची असते. राज्यात राहावयाचे तर राज्यभाषा आली पाहिजे, आणि या भागातील मराठी माणसाला कन्नड परकी कधीच नव्हती. परंतु दिवसभर मराठीतून शिकविणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक कागद दोनदा वाचावा आणि एकदा भाषांतरित करावा लागतो. हा वेळ त्याच्या ४५ तासांच्या हिशेबात कोठेही मांडलेला नाही.

उपायांच्या बाजूने काहीच घडले नाही असे नाही. गेल्या शतकाच्या अखेरीच्या दशकात म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात नली-कली नावाची पद्धत सुरू झाली. 'आनंदाने शीक' असा त्या नावाचा आशय. पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसतात, चिठ्ठ्यांच्या आणि पायऱ्यांच्या आधाराने आपापल्या गतीने पुढे जातात, पुढे गेलेली मुले मागच्यांना हात देतात. कॅम्पबेलने पाहिलेली ओसरीवरची शाळाच जणू नवे कपडे घालून परत आली. २००९-१० पासून ही पद्धत राज्यभर नेण्यात आली. ती चांगली आहे. पण अँड्रू बेलच्या युक्तीचे जे झाले ते तिचे होऊ नये. अनेक इयत्ता एकत्र शिकविण्याची कला शिक्षकाला दिली, म्हणून त्याचा जोडीदार शिक्षक काढून घेण्याचा अधिकार कोणास मिळत नाही.

बाहेरच्या जगाकडे पाहिले तर ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिस येथे युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारसपत्र स्वीकारले. शिक्षकाचे तास ठरविताना मुलांची संख्या, धड्यांची विविधता आणि तयारीचा वेळ ध्यानात घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. इंग्लंडात २००३ साली सरकार आणि बहुतेक शिक्षकसंघटना यांच्यात करार झाला. वर्गणी गोळा करणे, प्रती काढणे, भिंतीवर तक्ते लावणे अशी कारकुनी कामे शिक्षकाकडून काढली गेली आणि सप्टेंबर २००५ पासून शिकविण्याच्या वेळाचा किमान दहावा हिस्सा तयारीसाठी राखून ठेवण्यात आला. या कराराने सारे प्रश्न सुटले असे नाही. परंतु कोणते काम शिक्षकाचे नव्हे याची यादी लिहून काढता येते, एवढे त्याने दाखवून दिले.

मग बिदर-कलबुर्गीच्या शाळांसाठी काय मागावे? पहिली गोष्ट, बाहेरच्या कामाचा आदेश काढताना शाळेतील शिक्षकांची संख्या पाहावी. दोनशिक्षकी शाळेतून शिक्षक घेतला तर त्या दिवसांपुरता बदली शिक्षक द्यावा, आणि मराठी शाळेत तो मराठी जाणणारा असावा. दुसरी गोष्ट, जवळच्या दहा-बारा शाळांमिळून एक कारकून नेमावा. साठ्याचा आणि उपस्थितीचा हिशेब त्याने ठेवावा, आणि कन्नड-मराठी दोन्ही लिहिणारा तरुण या भागात शोधावा लागत नाही. तिसरी गोष्ट, एकदा दिलेली माहिती पुन्हा दुसऱ्या तक्त्यात मागू नये. चौथी गोष्ट गावाने करावयाची आहे. शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक असतात. साठ्याची मोजदाद, इमारतीची डागडुजी आणि सभांची नोंद यांपैकी काही भार त्यांनी उचलला तर दासोह हा शब्द सार्थ होईल.

यासाठी खर्च येईल, हे खरे. परंतु आज तो खर्च होत नाही असे समजणे ही फसवणूक आहे. तो आजही होतो. केवळ सरकारी वहीत न मांडता तो औरादच्या किंवा आळंदच्या एखाद्या खेड्यातील तिसरीतल्या मुलाच्या नावावर मांडला जातो. ते मूल तक्रार करीत नाही. वाचता येत नाही हे त्याच्या ध्यानात येते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो आणि तो दोष ते आपल्याच बुद्धीला लावते.

सहा शतकांपूर्वी या प्रदेशातील एका राजाने दुष्काळातही शाळांची तरतूद वेगळी ठेविली आणि पुढे एका वजिराने अध्यापकाच्या चिंता आपल्या शिरावर घेतल्या. त्यांच्याजवळ जनगणनेचे आकडे नव्हते, कायद्याची परिशिष्टे नव्हती. गुरूचा वेळ हे राज्याचे धन आहे एवढी जाण मात्र त्यांना होती. तेवढी जाण आपणही ठेविली, तर जमाखर्चाची ही वही मुलांच्या बाजूने मिळती करणे अवघड नाही.